पक्क्या वहीत त्रास नाही

आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची मी अकरा वर्षं सचिव होते आणि त्या अकरा वर्षांत संस्थेत एकदाही भांडण झालं नाही. खोटं वाटत असेल तर प्रोसिडिंग बुक काढून बघावं. ज्या सभेत दोन जावांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या आणि दुधाच्या कॅनचं झाकण उडून शेजारच्या पिठाच्या गिरणीत पडलं, त्या सभेपुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' हे खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. पक्की वही तशीच लिहायची असते. खरं काय झालं ते कच्च्या वहीत असतं, आणि कच्ची वही सचिवाच्या घरी गव्हाच्या कोठीवर असते.

संस्था महिलांची होती, म्हणजे अध्यक्ष बाई होत्या. त्या सहीपुरत्या केंद्रावर यायच्या. बाकीचं अध्यक्षपण त्यांचे मालक करायचे. गाव त्यांनाच 'अध्यक्ष' म्हणायचं, मीही म्हणायचे. फॅटच्या मशिनवर तेच बसायचे, दुधात पाणी आहे की नाही ते तेच ठरवायचे, आणि कुणाच्या दुधात पाणी सापडावं तेही बहुतेक आदल्या दिवशी ठरलेलं असायचं.

घाटनांदूरहून आमचं गाव एसटीने अर्ध्या तासावर. मी सांगते आहे त्या काळात सलग दुसरा दुष्काळ चालू होता. जनावरं छावण्यांवर गेलेली, केंद्रावरचं दूध निम्म्यावर आलेलं, आणि अक्षर चांगलं म्हणून टँकरचं लॉगबुकही माझ्याच गळ्यात पडलेलं. टँकर दिवसाला तीन खेपा करायचा. बिलासाठी लॉगबुकात पाच लागायच्या. पहिल्या महिन्यात मी एकदा तीन लिहिल्या. पुढचे चार दिवस आमच्या विहारासमोरच्या हौदात टँकरने थेंब सोडला नाही. 'टँकर नादुरुस्त' अशी त्या चार दिवसांची नोंद आहे. तीही माझ्याच अक्षरात. पाचव्या दिवसापासून मी पाच लिहू लागले.

दुखणं आलं ते याच दिवसांत. पाणी कमी म्हणून तांब्याभर पाण्यात हाताने अंग चोळून मळ काढायचा. तसं चोळताना डाव्या काखेजवळ हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. दुष्काळाने मला दिलेली कामाची गोष्ट ती एवढीच. ऑपरेशन, किमो, मग रेडिएशनचा शेक, हे सगळं नऊ महिन्यांत उरकलं. त्याच्या वेगळ्या वह्या आहेत, त्या इथे उघडत नाही. भेटायला येणाऱ्या बायकांचीही मी यादी ठेवली होती, चहाला दूध किती बाजूला काढायचं ते कळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात बेचाळीस आल्या. ज्या रडल्या त्यांच्या नावापुढे फुली केली. फुली नसलेल्यांनी, नवे केस कुरळे येतात म्हणे, ते खरं का, एवढंच विचारलं आणि मला त्याच बऱ्या वाटल्या.

शेक संपला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "एका संशोधनात भाग घ्याल का?"

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तो दोन जिल्हे ओलांडून होता एवढं पुरे. संशोधन असं होतं: नेहमीची गोळी पाच वर्षं चालू राहणारच. तिच्यासोबत एक वर्षभर आणखी एक गोळी घ्यायची. ती गोळी जुनीच, दुसऱ्याच कुठल्या दुखण्यावरची. तिच्यामुळे हा आजार उलटून यायचं कमी होतं का, ते बघायचं होतं. निम्म्या बायकांना खरी गोळी मिळणार आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनासुद्धा ते कळणार नाही.

संमतीपत्र बारा पानांचं होतं. मी ते घरी नेलं, दोनदा वाचलं आणि सतरा प्रश्न लिहून परत गेले. कोऑर्डिनेटर म्हणून एक मॅडम होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी सतराच्या सतरा प्रश्नांची उत्तरं दिली, न चिडता. त्यावरूनच मला संशय आला. आणखी एक गोष्ट खटकली. सहाव्या पानावर लिहिलं होतं की यातून केव्हाही, कोणतंही कारण न सांगता बाहेर पडता येईल. आमच्या संस्थेतून बाहेर पडायला अर्ज लागतो, त्यावर ठराव लागतो, आणि तरीही माणूस बाहेर पडत नाही, फक्त त्याचं दूध परत जातं.

मी सही केली त्याचं कारण गोळी नव्हती. या संशोधनात नाव असलं की महिन्याला तपासणी होती, रक्त बघणार होते, मधेच फोन करून 'ताई, कशा आहात' विचारणार होते. आजार परत फिरला तर तो कुणाला तरी लवकर दिसणार होता. बाहेरच्या रांगेत तीच तपासणी सहा महिन्यांनी, आणि ती पण आपण आठवण ठेवली तर. मला त्यांची नजर हवी होती. ती नजर आपल्यावरून उठू नये, एवढंच मला त्या वर्षात सांभाळायचं होतं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. "आवं, परयोग करायलेत म्हणं तुमच्यावर? उंदरावानी?" असं एकीने विचारलं. आधी आमच्या भागातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढून झाल्या, आता हे काय काढणार आहेत, असं दुसरीने विचारलं, आणि त्या प्रश्नाला हसणं कुणालाच जमलं नाही. अध्यक्षांनी मात्र मुद्द्याला हात घातला.

"चिठ्ठ्या कोण टाकनार?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्पुटरवर कोण बसनार? आपला माणूस हाय का तिथं?"

"नाही. कुणाचाच नाही."

"आसं कधी आसतंय का? आवं सचिवबाई, चिठ्ठी टाकून आपल्याकडं कधी खरं काय झालंय का? गेल्या टायमाला संचालक चिठ्ठीनं काढला, तर सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव व्हतं."

"त्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहिल्या होत्या."

"म्हनूनच सांगायलोय की!"

त्यांनी मला जिल्ह्याच्या एका पुढाऱ्याचं पत्र आणून द्यायची तयारी दाखवली: 'सदर महिला आमच्या परिचयाची असून तिला खरी गोळी द्यावी.' मी नको म्हटलं. मग म्हणाले, बरं, पत्र नको तर नको, निदान मिळालेली गोळी खरी आहे का खोटी ते तरी बघू. भेसळ ओळखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांनी मापाने दूध घेतलं, त्यात डिग्रीची काचेची नळी सोडून आकडा बघितला. मग गोळी खलबत्त्यात कुटून त्या दुधात टाकली, ढवळली आणि परत नळी सोडली. केंद्रावर दूध घेऊन आलेल्या बायका कॅन खाली ठेवून भोवती उभ्या राहिल्या.

"वाढली!" अध्यक्ष ओरडले. "आर्धी डिग्री वाढली! माल खरा हाय!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं की सचिवबाईला खरी गोळी लागली. दोघी पेढे मागायला आल्या. त्या मापातल्या दुधाचं काय केलं ते मी विचारलं नाही. दूध फेकायची अध्यक्षांना सवय नव्हती.

माझ्यासारख्या हिशेबी बाईने औषधाची गोळी कुटायला दिलीच का? कारण मलाही कळून घ्यायचं होतं. दवाखान्यातले एवढे शिकलेले लोक ज्याला वर्षभर थांबायला तयार होते, ते मला चहा उकळेपर्यंत हवं होतं.

त्या रात्री डायरी भरायची होती. संशोधनवाल्यांनी प्रत्येकीला एक डायरी दिली होती. रोज एक ओळ: गोळी घेतली का, किती वाजता, काही त्रास झाला का. मी लिहिलं, 'घेतली. नऊ वाजता. काही त्रास नाही.' दवाखान्यात मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या, डायरीशी ताडल्या आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर." बरोबर येणारच. एकदा पक्की वही बरोबर आली की पुढचं खोटं लिहायला हात थरथरत नाही, हे मला सहकारात शिकायला मिळालं होतं.

दुसऱ्या महिन्यापासून गरगरायला लागलं. म्हशीच्या धारेवरून उठले की डोळ्यांपुढे काळं यायचं. खुंटा धरून दहापर्यंत मोजायचे, मग परत दिसायला लागायचं. एकदा केंद्रावर वजनकाट्यापाशी बसकण मारली आणि कॅन मोजत असल्याचं सोंग केलं. हे सगळं कच्च्या वहीत तारखेनिशी आहे. डायरीत रोजचं एकच वाक्य: काही त्रास नाही. मला ते वाक्य इतकं सवयीचं झालं की एका दिवशी चुकून 'काही त्रास नाही, सर्वानुमते' असं लिहिणार होते.

तक्रार केली की नाव कापतात. हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. केंद्रावर 'माझं फॅट कमी कावून दाखवलं' असं विचारणारीचं दूध दुसऱ्या दिवशी नासकं निघायचं. छावणीत पेंड कमी मिळाली म्हणणाऱ्याच्या बैलाला तिसऱ्या दिवशी जागा नसायची. मग चक्कर येते म्हणणाऱ्या बाईला संशोधनात कोण ठेवणार? त्यांना चांगली, बिनतक्रारीची बाई लागत असणार. मी ती व्हायचं ठरवलं.

"झोप कशी आहे ताई?" मॅडम विचारायच्या.

"उत्तम."

"चक्कर? हातपाय गार पडणं?"

"अजिबात नाही."

"तीन महिन्यांत एकदासुद्धा डोकं दुखलं नाही?"

"आमच्याकडची हवा चांगली आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आमच्याकडची हवा म्हणजे त्या महिन्यात निव्वळ धूळ होती.

घरी मालकांना हे माहीत होतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ते म्हणाले, "चालायचंच. माझं पोरांच्या वजनाचं रजिस्टर बघ. सगळी पोरं दर महिन्याला बरोबर पाव किलोनं वाढतात. आजारी पोरगंसुद्धा वाढतं."

"आणि अधिकारी काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. शाळेची प्रगती चांगली म्हणतात."

तलवाड्याची बाई मला दवाखान्याच्या तिसऱ्या खेपेला भेटली. माझ्याच वयाची, ऊसतोडीला जाणारी. त्या वर्षी ऊस कमी होता आणि अंगात ताकद नव्हती म्हणून मागे राहिलेली. लेक आणि सून तेवढे कारखान्यावर गेलेले. ही दोन बैल आणि एक गाय घेऊन चारा छावणीत राहत होती, पत्र्याच्या चार हात सावलीत. तीही याच संशोधनात होती. बाकावर शेजारी बसून तिने माझ्या डायरीत डोकावून पाहिलं.

"तुमचं आक्षर लई छान हाय, ताई. माझ्या वहीतबी तेवढं काडून देता का?"

तिची डायरी महिनाभर कोरी होती. लिहिणारी सून गेलेली, आणि हिला अक्षरओळख सहीपुरती. मी पिशवीतून तीन पेनं काढली, निळं, काळं आणि एक फिकट निळं. एका बैठकीत लिहिलेलं महिनाभर लिहिल्यासारखं दिसायचं तर पेन बदलावं लागतं, अधूनमधून ओळ तिरकी काढावी लागते, एखाद्या तारखेवर चहाचा डाग पडला तर फार उत्तम. ऑडिटर यायच्या आदल्या दुपारी आम्ही वर्षभराच्या सभा अशाच घेत असू.

"गोळ्या सगळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या की. सोडतीय व्हय?"

"काही त्रास?"

"गरगरतंय की वो. उठलं की आंधारी. पर ते कशाला लिव्हता? कापतेल नाव."

"लिहीत नाही," मी म्हणाले. जाणत्या बाईने नवखीला सांगावं तशा आवाजात म्हणाले. मला फार बरं वाटलं, कारण माझ्यासारखाच विचार करणारं कुणीतरी भेटलं. तीस ओळी झाल्या. काही त्रास नाही, काही त्रास नाही, एक ओळ तिरकी, परत काही त्रास नाही. तिने अंगठ्याने पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छापल्यावानी दिसतंय." चौथ्या खेपेलाही मी तिची डायरी तशीच भरली.

पाचव्या खेपेला वैशाखाचं ऊन होतं. त्या खेपेला तिला यायला उशीर झाला. आली ती कपाळाला पट्टी बांधून, डावा डोळा सुजून बारीक झालेला. पट्टीखाली पाच टाके होते. छावणीत गव्हाणीच्या खुंट्यावर पडली होती.

"पहिल्यांदाच पडलात?"

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली आणि डायरी माझ्या मांडीवर ठेवली. "लिव्हा."

मी निळं पेन उघडलं. पहिल्या तारखेपुढे 'घेतली' लिहिलं. 'काही' लिहिलं. पुढे हात चालेना. शेजारी टाक्यांवरचं औषध वास मारत होतं. माझ्या पिशवीत माझ्या दुखण्याची कच्ची वही होती, आणि तिच्यात माझ्या स्वतःच्या अकरा नोंदी होत्या. दोघींना एकच गोळी, दोघींना एकच गरगर, आणि दोघींच्या डायऱ्या धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ.

मला लॉगबुकातल्या पाच खेपा आठवल्या. त्या पाच खेपांचं पुढे काय झालं होतं ते मी अजून सांगितलेलं नाही. उन्हाळा चढल्यावर गावाने दुसरा टँकर मागितला. तालुक्याहून लेखी उत्तर आलं: आपल्या गावास दैनिक पाच खेपा होत असल्याचे नोंदींवरून दिसून येते, सबब मागणी अमान्य. माझ्या सुंदर अक्षराने गावाला पाणी पुरवलं होतं, कागदावर. आता त्याच अक्षराने मी एक गोळी बिनत्रासाची करून दाखवत होते. ती गोळी उद्या कुणाकुणाला देतील? त्या बायकाही धारेवरून उठतील, खुंट्यांशेजारून चालतील. आणि त्यांना कुणीतरी सांगेल, ताई, या गोळीने चक्कर येत नाही, आमच्याकडे नोंद आहे.

"मी नाही लिहीत," मी म्हणाले.

"कावून?"

"तुम्ही पडलात ते सांगू. मीही सांगते, मलाही चक्कर येते."

तिचा सुजलेला डोळासुद्धा उघडला. "आन् नाव कापलं मंजी? तुमचे मालक मास्तर हायत. तुमी कुटंबी जाल. मला इथं भाईरच्या रांगेत उभं केलं तर मी काय बैल घिऊन उभी राहू? माझी आई ह्याच रोगानं गेली. कुनी बघितलं बी न्हाई तिला. ह्यांनी मला दर म्हयन्याला बघितलेलं पायजे."

"तुमचं नाही सांगत. माझं एकटीचं सांगते. माझं नाव कापलं तर तुम्ही तुमचं सांगू नका."

"आन् माझी वही?"

"ती कोरी राहू द्या."

"तुमचं डोकं फिरलंय उन्हानं," ती म्हणाली आणि डायरी हिसकून घेतली. "माझं नाव निघालं तर तुमच्या दारात बैल आणून बांधीन, सांगून ठिवते."

मी आत गेले. मॅडमनी गोळ्या मोजायला घेतल्या.

"आधी हे बघा," मी म्हणाले आणि कच्ची वही त्यांच्यापुढे ठेवली. "डायरीतलं खोटं आहे. यातलं खरं आहे. आणि पहिल्या महिन्यात एक गोळी दुधात गेली."

"दुधाबरोबर घेतलीत?"

"मी नाही. दुधाने घेतली."

अध्यक्षांची तपासणी सांगितली तेव्हा मॅडमचे ओठ घट्ट मिटले. त्या हसू दाबत होत्या की राग, ते कळलं नाही. मग त्यांनी कच्ची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि हसू असलं तरी ते गेलं. त्यांनी मला आडवं झोपवून रक्तदाब मोजला, उभं करून परत मोजला आणि डॉक्टरांना बोलावलं.

"उभ्याने एवढा खाली येतोय," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही इतके महिने काही नाही म्हणताय?"

"उन्हाने असेल. आमच्याकडे सगळ्यांनाच गरगरतंय सध्या."

"उन्हाने की गोळीने, ते ठरवायचं काम आमचं. तुमचं काम फक्त सांगायचं. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय."

"नाव कापाल म्हणून सांगितलं नाही."

मॅडमनी कपाटातून माझं संमतीपत्र काढलं आणि सातवं पान उघडलं. गोळी कमी करावी लागली किंवा पूर्ण थांबवावी लागली तरी सर्व तपासण्या ठरल्याप्रमाणे सुरू राहतील. त्या वाक्याखाली माझीच पेन्सिलची रेघ होती.

"सतरा प्रश्न विचारले होते तुम्ही ताई. हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं," मी म्हणाले. "पण ते छापलेलं होतं ना."

मॅडमना ते कळलं नाही. छापलेल्या कागदावर विश्वास ठेवायची ज्यांना सवय असते, त्यांना हे समजावून सांगता येत नाही. आमच्या संस्थेच्या उपविधीतही छापलेलं आहे की कुठल्याही सभासदास कुठलंही दप्तर केव्हाही पाहता येईल.

मग शिक्षा झाली. डायरी दुरुस्त करायची होती, आणि ती त्यांच्या पद्धतीने. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. खोट्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं खोटंही वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, पुढे सही, पुढे आजची तारीख. मी अकरा ठिकाणी रेघ मारली, आणि बाराव्या ठिकाणी 'घेतली' खोडून 'भेसळ तपासणीस दिली' असं लिहिलं. प्रोसिडिंग बुकाला ही पद्धत लावली तर काय होईल, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच सोडून दिला. मला गावात राहायचं होतं.

गोळी पंधरा दिवस बंद, नंतर निम्मी करून बघायचं ठरलं. पुढच्या तपासणीची तारीख मॅडमनी नेहमीसारखीच कार्डावर लिहिली. नाव तिथेच, नंबर तोच.

बाहेर आले तर तलवाड्याची दाराला चिकटून उभी होती.

"कापलं?"

"नाही."

"खरं सांगा."

मी कार्ड पुढे केलं. तिला आकडे वाचता यायचे. तिने तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, परत तारीख पाहिली.

"सांगितलं का समदं? दुधाचंबी?"

"सगळं."

"आन् वरडले न्हाईत?"

"माझ्या सात नंबरच्या पानावरून बोलले थोडं."

तिने पदर डोक्यावर नीट घेतला, पट्टी चाचपली आणि कोरी डायरी काखेत मारली. मी सवयीने तिच्यामागे निघाले, लिहायला कुणीतरी लागेल म्हणून. तिने हात आडवा केला.

"तुमी भाईरच बसा, ताई. तुमी आत आलात की माझं दुकणं गुळगुळीत व्हतंय."

एवढं खरं मला आयुष्यात कुठल्या ऑडिटरनेही सुनावलं नव्हतं. मी बाकावर बसले. तिची गोळी त्याच दिवशी बंद झाली, ती कायमची. नाव मात्र राहिलं, आणि वर्ष पुरं होईपर्यंत आम्ही त्याच बाकावर शेजारी बसलो. मी भरलेल्या तिच्या मागच्या दोन महिन्यांवर मॅडमनी तिच्याकडून रेघा मारून घेतल्या, आणि प्रत्येक रेघेपुढे तिने अर्धं मिनिट लावून सही केली. ते लिहिणारं अक्षर कुणाचं, हे मॅडमनी मला विचारलं नाही. पुढच्या खेपेपासून तिची डायरी त्या स्वतः फोनवर विचारून भरू लागल्या.

पण त्या दिवशी दार नीट लागलेलं नव्हतं, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सावकाश सांगा ताई. पडलात किती वेळा?"

"थांबा, मोजू द्या," तलवाड्याची म्हणाली. मग ती मोठ्याने मोजू लागली. हौदापाशी एक. गाईला पाणी दावताना एक. ह्या खुंट्यावर. पेंडीच्या रांगेत एक, तवा शेजारनीनं धरलं म्हून वाचले. एकदा नुसतीच, बसल्या जागी. "आन् परवा यष्टीतून उतरताना. किती झाले?"

"सहा," मॅडम म्हणाल्या.

मला तिने तीनच सांगितले होते.